हेन्री स्लेसर : शेवट लिहिणारा माणूस

[दृश्य: जुनं दुमजली लाकडी घर. अंगणात ‘विकणे आहे’ अशी पाटी. पाटीचा रंग उडालेला.]

अमेरिकेतल्या एका लहानशा गावात एक घर विकायला काढलंय. मालकीण सेडी ग्राइम्स, एकटी राहणारी म्हातारी. गावातल्या दलालाच्या हिशेबानं घर फार तर दहा हजार डॉलरचं. बाईनं किंमत लावलीय पंचाहत्तर हजार, आणि त्यातला एक सेंटही ती सोडायला तयार नाही. गिऱ्हाइकं येतात, आकडा ऐकतात, दलालाकडे बघून हसतात आणि परत जातात.

मग एक दिवस वॉटरबरी नावाचा एक गृहस्थ येतो. थोडी घासाघीस करून बघतो, कुरकुरतो आणि चक्क कबूल होतो. म्हातारी त्याला बसवते, गार लिंबूसरबत देते आणि आपल्या मुलाची गोष्ट काढते. मुलगा बरीच वर्षं शहरात होता. एके दिवशी अचानक घरी आला, हातात एक काळी बॅग. नंतर एका रात्री घरात कुणीतरी शिरलं आणि मुलाचा खून झाला. पुढे पोलिसांकडून कळलं, की दरोड्यातला मोठा ऐवज साथीदाराला चकवून मुलानं लांबवला होता आणि तो याच घरात कुठेतरी दडवलेला होता. खुनी कोण, ते कुणालाच कळलं नाही. म्हातारीनं मग काय केलं, तर घर विकायला काढलं आणि शहाण्या माणसानं कधीच दिली नसती अशी किंमत लावली. ती द्यायला एकच माणूस तयार होणार होता.

वॉटरबरीचा पेला एव्हाना रिकामा झालाय.

[दृश्य: काळा पडदा. अक्षरं उमटतात: हेन्री स्लेसर, १९२७ ते २००२.]

रहस्यकथेचा शेवट फोडू नये, हा शिष्टाचार आम्हालाही माहीत आहे. पण स्लेसरची ‘द राइट काइंड ऑफ हाउस’ ही कथा शेवट ठाऊक असतानाही परत वाचावी अशी आहे. दुसऱ्यांदा वाचताना दिसतं, की त्या पाटीवरची किंमत, दलालाची कुरकुर, सरबताचा पेला यांतली एकही गोष्ट उगाच आलेली नाही. कथा जेमतेम काही पानांची. घराचं वर्णन दोन वाक्यांत उरकलंय, म्हातारीच्या दुःखाला एक परिच्छेद. बाकी सगळी तयारी शेवटाची.

आणि असे शेवट या माणसानं शेकड्यांनी लिहिले.

[दृश्य: चाळीस-पन्नासच्या दशकातलं न्यूयॉर्क. भुयारी रेल्वे, टोप्या घातलेले कारकून, टंकलेखन यंत्रांची खडखड.]

हेन्री स्लेसरचा जन्म १२ जून १९२७ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला. आईवडील युक्रेनमधून आलेले ज्यू स्थलांतरित. जन्मनाव हेन्री श्लॉसर. शिक्षण मॅनहॅटनच्या स्कूल ऑफ इंडस्ट्रियल आर्टमध्ये झालं आणि वयाच्या सतराव्या वर्षी पोरगा ‘यंग अँड रुबिकॅम’ या बड्या जाहिरातसंस्थेत कॉपीरायटर म्हणून चिकटला. ‘कॉफी ब्रेक’ हा शब्द त्यानंच पहिल्यांदा वापरला असंही सांगितलं जातं. जाहिरातीच्या धंद्यात प्रत्येक गाजलेल्या शब्दाला चार-पाच बाप असतात, तेव्हा हे ऐकून सोडून द्यावं हे बरं.

जाहिरातीनं मात्र त्याला घडवलं, याबद्दल शंका नाही. मासिकाचं पान उलटायच्या आत वाचणाऱ्याला थांबवायचं, मोजक्या शब्दांत माणूस आणि त्याची गरज उभी करायची आणि शेवटच्या ओळीत माल विकायचा, हे काम तो रोज दिवसभर करत होता. कथेत त्यानं हेच केलं. फरक इतकाच, की शेवटच्या ओळीत साबणाऐवजी विष असायचं.

पहिली कथा छापून आली १९५५ साली, एका विज्ञानकथांच्या मासिकात. त्यानंतर जणू नळच सुटला. एकट्या १९५७ सालात त्याच्या चाळीसहून अधिक कथा प्रसिद्ध झाल्या, आठवड्याला जवळजवळ एक. नोकरी सांभाळून! त्या काळच्या मासिकांत एकाच अंकात एका लेखकाचं नाव दोनदा छापणं बरं दिसत नसे, म्हणून टोपणनावं आली. ओ. एच. लेस्ली हे त्यांतलं सर्वांत जास्त वापरलेलं. आणखीही बरीच होती.

आपल्याकडे इतकं लिहिणाऱ्या माणसाकडे जरा संशयानंच बघतात. बाबूराव अर्णाळकरांनी हजारावर रहस्यकादंबऱ्या लिहिल्या, पिढ्यान्‌पिढ्यांनी त्या वाचनालयातून पळवून पळवून वाचल्या. पण समीक्षकांच्या पंगतीत त्यांचं पान कधी मांडलं गेलं का? स्लेसरच्या वाट्यालाही थोडंफार तेच आलं. त्याच्या सगळ्याच कथा उत्तम आहेत असा आमचा दावा नाही. विज्ञानकथांच्या मासिकांसाठी लिहिलेल्या काही तर सरळसरळ भाडं भरायला लिहिलेल्या वाटतात. पण ज्या जमल्यात त्या अशा जमल्यात, की त्यांतलं एक वाक्य काढून बघा, गोष्ट कोसळते.

[दृश्य: हिचकॉकची प्रसिद्ध रेखाकृती. तिच्यात हळूहळू शिरणारी सावली.]

१९५५ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर रहस्यपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकची ‘आल्फ्रेड हिचकॉक प्रेझेंट्स’ ही मालिका सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाची एक स्वतंत्र गोष्ट. मालिकेची निर्माती जोन हॅरिसन, आणि काही काळानं तिच्या जोडीला नॉर्मन लॉइड. ही मंडळी रहस्यकथांच्या मासिकांतून कथा धुंडाळायची. ‘एलरी क्वीन्स मिस्टरी मॅगझिन’मध्ये आलेली स्लेसरची एक कथा हिचकॉकच्या नजरेत भरली. ती विकत घेतली गेली आणि १९५७ मध्ये ‘हार्ट ऑफ गोल्ड’ या नावानं पडद्यावर आली. तिथून पुढे स्लेसर म्हणजे हिचकॉकचं घरचं माणूस. आधी त्याच्या कथांवर दुसरे पटकथा लिहायचे, मग तो स्वतःच लिहायला लागला, स्वतःच्या कथांवर आणि इतरांच्याही. असे भाग डझनावारी झाले.

या दोघांचं जमलं कशामुळे? दोघांनाही खुनापेक्षा खुनाच्या आजूबाजूची सभ्यता जास्त आवडायची. स्वच्छ टेबलक्लॉथ, नीट लावलेला टाय, ‘आणखी थोडा चहा घ्याल का’ असं विचारणारी बायको. स्लेसरच्या कथांत रक्त फारसं दिसत नाही. त्याचे गुन्हेगार शेजारी राहतात, बँकेत नोकरी करतात, बायकोच्या विम्याचा हप्ता न चुकता भरतात. हिचकॉकच्या प्रस्तावनेसह निघालेल्या त्याच्या संग्रहाचं नावच ‘क्लीन क्राइम्स अँड नीट मर्डर्स’. साल १९६०.

आता एक गंमत. दूरचित्रवाणीच्या नियमांनुसार गुन्हेगार मोकळा सुटून चालायचं नाही. पण कथेची तर सगळी मजाच तो सुटण्यात. यावर हिचकॉकनं शोधलेला तोडगा असा, की गोष्ट आपल्या मनाप्रमाणे संपवायची आणि मग स्वतः पडद्यावर येऊन निर्विकार चेहऱ्यानं सांगायचं, ‘हं, तर नंतर त्याला पोलिसांनी पकडलं बरं का.’ कसं पकडलं, तर काहीतरी तद्दन खोटं कारण. प्रेक्षक समजायचे, आणि नियमही राहायचा. स्लेसरच्या शेवटांना हे कवच फार उपयोगी पडलं.

[दृश्य: चर्च. छतातून टपकणारं पाणी, खाली ठेवलेली बादली.]

या काळातली आमच्या सगळ्यांत आवडीची गोष्ट ‘द हॉर्सप्लेअर’. १९६१ सालचा हा भाग हिचकॉकनं स्वतः दिग्दर्शित केला होता आणि धर्मगुरूच्या भूमिकेत होता क्लॉड रेन्स. गरीब चर्च, गळकं छत, दुरुस्तीला पैसा नाही. अशात एक नवा माणूस प्रार्थनेला यायला लागतो आणि दानपात्रात मोठाल्या नोटा टाकतो. धर्मगुरू चौकशी करतात, तर हा गृहस्थ घोड्यांवर पैसे लावणारा निघतो. आपला घोडा जिंकावा म्हणून येऊन देवाला साकडं घालतो, आणि घोडे खरोखर जिंकताहेत! धर्मगुरू आधी त्याला झापतात. मग छताकडे बघतात. आणि मग स्वतःचे साठवलेले पैसे त्याच्या हातात ठेवतात.

त्यानंतर मन खायला लागतं. धर्मगुरू बिशपकडे जाऊन सगळं कबूल करतात. बिशप उपाय सांगतात, ‘आता एकच करा. घोडा हरावा म्हणून प्रार्थना करा.’

पुढे शर्यतीत काय होतं, ते आम्ही सांगणार नाही. एक शिष्टाचार एकदाच मोडावा. इतकंच सांगतो, की प्रार्थना तर ऐकली जाते, आणि तरीही छताची व्यवस्था होते. कुणाचा मुडदा पडत नाही, पोलीस येत नाहीत, गुन्हा म्हणावा तर फार फार तर एक पैज. तरीही ही अस्सल स्लेसर-कथा आहे, कारण तिच्यातली ओढ खुनाच्या कथेइतकीच आहे. माणसाला काहीतरी हवं असतं, ते चुकीच्या दारानं मिळण्याची शक्यता दिसते आणि त्याचा पाय उंबऱ्यावर अडतो. स्लेसर त्याला त्या उंबऱ्यावर पुरेसा वेळ उभा करतो.

[दृश्य: वाढदिवसाचा केक, बारा मेणबत्त्या. मागे टेबलावरचा टेलिफोन.]

या सगळ्यांत काळीकुट्ट गोष्ट मात्र १९५८ सालची, ‘एक्झॅमिनेशन डे’. डिकी जॉर्डन बारा वर्षांचा होतो. या वयाच्या प्रत्येक मुलाला सरकारची एक बुद्धीची परीक्षा द्यावी लागते. वाढदिवसाच्या सकाळी आईचे डोळे भरून येतात, वडील वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसतात. पोरगं मात्र प्रश्न विचारत असतं. पाऊस का पडतो? गवत हिरवं का? सूर्य किती लांब आहे? वडील सांगतात, पाच हजार मैल.

हा आकडा वाचून आपण आधी हसतो. मग लक्षात येतं, की या जगात बापाला खरा आकडा माहीत नसणं हेच त्याच्या जिवंत असण्याचं कारण आहे. परीक्षा होते. संध्याकाळी फोन वाजतो. पलीकडचा सरकारी आवाज शांतपणे कळवतो, की मुलाची बुद्धी नियमात बसण्यापेक्षा जास्त भरली. आणि पुढचा प्रश्न एवढाच, की दफन सरकारनं करायचं की तुम्ही खासगीत करणार?

या कथेवर १९८५ मध्ये ‘द ट्वायलाइट झोन’ या गूढकथांच्या मालिकेच्या नव्या आवृत्तीत भाग निघाला. साठच्या दशकातल्या मूळ मालिकेतही स्लेसरच्या दोन कथा आलेल्या होत्या. पण छापलेली कथा जास्त भिडते, असं आमचं मत. पडद्यावर आईबापांचे चेहरे दिसतात आणि आपण त्यांच्यासोबत रडून मोकळे होतो. कागदावर फक्त तो आवाज असतो.

१९५९ मध्ये त्याची पहिली कादंबरी आली, ‘द ग्रे फ्लॅनल श्राउड’. पार्श्वभूमी अर्थातच जाहिरातसंस्थेची. कारकीर्द करायला निघालेल्या मॅनहॅटनच्या तरुणाचा करडा फ्लॅनेलचा सूट म्हणजे त्या काळचा गणवेशच. स्लेसरनं त्याचं कफन केलं. पदार्पणाच्या सर्वोत्तम रहस्यकादंबरीसाठीचा एडगर पुरस्कार तिला १९६० साली मिळाला. पुढे कादंबऱ्या आणखी झाल्या, चित्रपट झाले, ‘बॅटमॅन’चे भाग झाले, रेडिओवरच्या ‘सीबीएस रेडिओ मिस्टरी थिएटर’साठी ढीगभर श्रुतिका झाल्या. ही नुसती यादीच वाचत बसलो तर हा माहितीपट लघु राहणार नाही.

[दृश्य: नदीकाठचं शहर, उंच इमारती. डावीकडून उजवीकडे सरकत जाणारी काळी सावली.]

१९६८ साली या शेवटांच्या कारागिराला असं काम मिळालं, ज्यात शेवटच नव्हता.

‘द एज ऑफ नाइट’ ही रोजची मालिका. सोमवार ते शुक्रवार, रोज अर्धा तास. पहिला भाग २ एप्रिल १९५६ चा. बाकीच्या दुपारच्या मालिका प्रेम, लग्न, घटस्फोट आणि स्मृतिभ्रंश यांवर चालायच्या. हिचा मुक्काम मात्र पोलीसठाणं आणि कोर्टात. मॉन्टिसेलो नावाचं काल्पनिक शहर, जिथे खून झाला नाही असा महिना जात नसे. सुरुवातीच्या चित्रात सावलीखाली जाणारं शहर म्हणून बरीच वर्षं सिनसिनाटीचं दृश्य दाखवत, कारण मालिकेचे मायबाप, साबणवाले प्रॉक्टर अँड गँबल, यांचं मुख्यालय तिथलं. दुपारची मालिका असूनही हिला पुरुष प्रेक्षक भरपूर. अमेरिकेत स्थायिक झालेले इंग्रज विनोदी लेखक पी. जी. वुडहाउससुद्धा हिचे भक्त होते! बर्टी आणि जीव्हजचा निर्माता दुपारची कामं आटोपून मॉन्टिसेलोतल्या खुनांची खबर घ्यायला बसतो, हे चित्र आम्हाला फार आवडतं.

स्लेसर या मालिकेचा मुख्य लेखक झाला आणि १९८३ पर्यंत राहिला. पंधरा वर्षं. आठवड्याला पाच भाग, वर्षाला अडीचशेच्या आसपास. गुणाकार तुम्हीच करा. त्यातही १९७५ अखेर मालिका सीबीएसवरून एबीसीवर गेली तोपर्यंत ती थेट प्रक्षेपित व्हायची. नट संवाद विसरला, दार अडकलं, नकली पिस्तूल वाजलंच नाही, तर ते तसंच देशभर दिसणार. म्हणजे लेखकालाही दृश्य असं बांधायला हवं, की ते एका दमात उभं राहील. कपडे बदलायला वेळ हवा, एका सेटवरून दुसऱ्यावर जायला वेळ हवा, आणि मधे जाहिरात कुठे येणार तेही ठरलेलं. जाहिरातीचं हे गणित त्याला कुणी शिकवावं लागलं नसेल.

[दृश्य: स्टुडिओतले तीन कॅमेरे, जमिनीवर खडूनं केलेल्या खुणा.]

इथे खरा पेच होता. छोट्या कथेत गुन्हा उलगडला की लेखक पेन खाली ठेवतो. रोजच्या मालिकेत उलगडला तर उद्या दाखवणार काय? आपल्याकडच्या मालिका बघणाऱ्यांना यावरचा नेहमीचा उपाय पाठ आहे. एक थप्पड तीन कोनांतून दाखवायची, प्रत्येकाचा धक्का बसलेला चेहरा दाखवायचा आणि आठवडा काढायचा. महाएपिसोड रविवारी.

स्लेसरनं असं पाणी घातलं नाही. त्यानं गुन्ह्याला गुन्ह्याच्या शेपटीला बांधलं. एक प्रकरण रंगात आलं असताना दुसऱ्याचं बी गुपचूप पेरून ठेवायचं. पहिल्याचा निकाल लागतो, खुनी सापडतो, प्रेक्षकाला त्याचं दान पूर्ण मिळतं. आणि त्याच निकालातून कुणाचं तरी जुनं खोटं उघडं पडतं, जे पुढच्या चार महिन्यांना पुरतं. म्हणजे शेवट होतेच. फक्त ते ओळीनं उभे केलेले होते. म्हातारीच्या घराची गोष्ट लिहिणारा माणूस इथे अख्खं शहर चालवत होता, आणि कुठल्या घरात कुठली बॅग दडवलीय हे त्याला महिनोन्‌महिने आधी माहीत असायचं.

टीव्ही गाइड या साप्ताहिकानं त्याला अमेरिकेतला सर्वांत जास्त प्रेक्षक असलेला लेखक म्हटलं. १९७४ मध्ये या मालिकेच्या लेखनासाठी एमी हा दूरचित्रवाणीचा पुरस्कार मिळाला. पुस्तकांच्या दुकानात मात्र त्याचं नाव सांगितलं तर विक्रेता विचारात पडावा, अशी स्थिती. रोजच्या मालिकेचा लेखक दिसतो कुठे? श्रेयनामावली सुरू होईतो लोक उठून गॅसकडे गेलेले असतात. आपल्याकडे रत्नाकर मतकरींनी गूढकथा लिहिल्या आणि मालिकाही केल्या, पण त्यांचं नाव कथेसोबत आपल्या तोंडी राहिलं. स्लेसरच्या गोष्टी लोकांच्या लक्षात राहिल्या, आणि सांगताना ते म्हणतात, ‘हिचकॉकची ती म्हातारीची गोष्ट.’

युरोपात, त्यातही जर्मन वाचकांत, चित्र वेगळं होतं. झुरिकच्या डायोगेनेस या नामांकित प्रकाशनसंस्थेनं त्याची पुस्तकं सातत्यानं काढली. तिथे रुबी मार्टिन्सन लाडका झाला. हा रुबी म्हणजे दिवसा हिशेब लिहिणारा तरुण आणि मनातून जगातला सर्वांत मोठा गुन्हेगार. त्याच्या योजना अफाट, आणि प्रत्येक योजना फसते. खुनांच्या कथांच्या ढिगात या गोष्टी म्हणजे लेखकानं स्वतःसाठी घेतलेली सुट्टी वाटते.

[दृश्य: रिकामा सेट. रुग्णालयाची खोटी भिंत, मागे लाकडी टेकू.]

स्लेसर मालिका सोडून गेल्यावर ‘द एज ऑफ नाइट’ फार काळ टिकली नाही. २८ डिसेंबर १९८४ ला शेवटचा भाग दाखवला गेला. एकूण ७,४२० भाग. सगळा दोष लेखक बदलल्याचा नव्हता. अनेक स्थानिक केंद्रांनी ती दाखवणंच बंद केलं होतं. स्लेसर इतर मालिकांकडे वळला, पण मॉन्टिसेलोसारखं शहर पुन्हा हाती आलं नाही.

मग त्यानं एक हिशेब चुकता केला. ‘मर्डर अ‍ॅट हार्टब्रेक हॉस्पिटल’ या कादंबरीत रुग्णालयावरची एक दुपारची मालिका आहे आणि त्या मालिकेतल्या लोकांचे खून पडताहेत. मालिकेतल्या पात्राला लेखक कसा मारतो, नट पगारवाढ मागायला लागला की त्याच्या पात्राला अचानक दुर्धर आजार कसा होतो, हे पंधरा वर्षं आतून पाहिलेल्या माणसाची ही कादंबरी. तिच्यात तो मनसोक्त हसून घेतो, सगळ्यांवर, लेखकावरसुद्धा. तिच्यावर चित्रपटही निघाला.

हेन्री स्लेसर २ एप्रिल २००२ रोजी न्यूयॉर्कमध्ये गेला. एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली. वय ७४. तारखेकडे लक्ष गेलं असेल तर, हो, त्याच तारखेला सेहेचाळीस वर्षांपूर्वी मॉन्टिसेलोवर पहिल्यांदा सावली पडली होती. असा योगायोग त्यानं स्वतः कथेत घेतला नसता, वाचक विश्वास ठेवणार नाही म्हणून.

[दृश्य: पदपथावरचा जुन्या पुस्तकांचा ढीग. पिवळी पडलेली इंग्रजी मासिकं.]

वाचायचं असेल तर हिचकॉकच्या मालिकेसाठी वापरलेल्या त्याच्या कथांचा ‘डेथ ऑन टेलिव्हिजन’ हा संग्रह शोधा, १९८९ चा आहे. जुन्या पुस्तकांच्या ढिगात ‘आल्फ्रेड हिचकॉक्स मिस्टरी मॅगझिन’चा एखादा अंक हाती लागला, तर अनुक्रमणिकेत त्याचं नाव बघा. नसेल, तर ओ. एच. लेस्ली बघा.